घाटनांदूरच्या वाटेकडे बघत

आबा, काल पोळा झाला. वेशीवर हलगी थांबली आणि कुठूनतरी तुमचा आवाज आल्यासारखं वाटलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, तरी पोळ्याला हे होतंच.

तुमच्या रागावर गावाचं पुढारपण चालायचं. तहसीलदारसाहेबांचा दौरा आला की लोक तुम्हाला मुद्दाम पुढं घालायचे. चावडीत एकदा साहेब वैतागून म्हणाले, "पाटील, आवाज नीचा रखो." तुम्ही म्हणालात, "सायब, उपजतच असा हाय, कमी व्हत न्हाई." आणि मग गावाचं सारं गाऱ्हाणं पहिल्यापेक्षा मोठ्यानं मांडलात. साहेबांचा घोडा बाहेर बुजला. लोक हसले, माझीही छाती फुगली. हाच आवाज घरच्या माणसावर कसा कोसळतो, ते तेव्हा कळलं नव्हतं; कळलं ते एका पोळ्याला.

त्या पोळ्याचं ऊन अजून डोळ्यांसमोर आहे. आंब्याच्या पानांचं तोरण, शिंगांचा ओला रंग, बाशिंगं बांधलेले बैल, आणि ब्राह्मण मंगलाष्टकं म्हणतो आहे. मानाची जोडी आपली, कासरा माझ्या हातात. मागं काकांचा बैल. हलगीच्या दणक्यानं तो बिथरला आणि आपल्या जोडीआधी तोरणाखालून गेला. बस, एवढंच झालं. जनावर बुजलं, यात माणसाचा काय दोष? पण तुम्ही साऱ्या गावादेखत सख्ख्या भावावर कडाडलात, "मान पायजे व्हय रं तुला? आजपासून तोंड दावू नगंस मला!" काकांनी बैलाचं बाशिंग सोडलं, हलकेच, झोपलेल्या लेकराची टोपी काढावी तसं. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड घेऊन सासरवाडीला घाटनांदूरला गेले.

त्यानंतर दर पोळ्याला तुम्ही तोरणापाशी थांबायचात. "झूल सैल झालीया, दम धरा." झूल घट्टच असायची. मंगलाष्टकं संपलेली, मानाची जोडी गेल्याशिवाय कुणाला जाता येत नाही, सारं गाव बैल धरून उन्हात उभं. धुळीत घुंगरं तेवढी वाजायची. तुम्ही झुलीशी चाळा करत घाटनांदूरच्या वाटेकडे बघायचात. गावाला सगळं ठाऊक होतं. एरवी तुमच्याशी भांडणारेसुद्धा त्या वेळी चकार शब्द काढत नसत. मला मात्र तुमचा राग यायचा, आबा, अजून येतो. साहेबाच्या तोंडावर बोलणाऱ्या माणसाला भावाला 'ये' एवढं म्हणवलं नाही?

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या पोळ्याला जोडी घेऊन मी निघालो. तोरणापाशी पाय आपोआप थांबले. मागं कुणीतरी आलं. बघतो तर काका, पार पिकलेले, एक म्हातारा बैल घेऊन. मी कासरा ओढून जोडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "काका, तुमी व्हा म्होरं." तसे ते गरजले, "का म्हून? आरं, दादाची जोडी हाय ती! मानाची हाय! हो म्होरं!" हुबेहूब तुम्ही. आपल्या बैलांनी कान टवकारले आणि मी हाकायच्या आधीच ते तोरणाखालून चालू लागले.

मग घरी पुरणपोळी पुढ्यात घेऊन काका ओसरीवर बसून राहिले, घास काही मोडेनात. खाली बघतच म्हणाले, "दादानं कदी माजं नाव काढलं का रं?"

आबा, तुम्ही एकदाही काढलं नव्हतं. मी म्हणालो, "लई वेळा. म्हणायचे, त्येला म्हणावं, ये." काकांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला आणि मग घास मोडला.

हे पत्र कुठं धाडणार, इथंच राहील. एवढंच सांगायचं होतं, की तो शब्द मी तुमच्या तोंडी घातला, आणि तुम्ही कधी बोलला नसतात इतक्या हळू बोललो.