आईची सही

कर्वेनगर, पुणे
१२ ऑगस्ट १९८४

प्रिय आईस, हौसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. मी बरी आहे.

कॉलेजनं माझी शिष्यवृत्ती महिनाभर अडवली होती. तुला घोर लागेल म्हणून कळवलं नाही. अर्जावर गेल्या वर्षी तुझा अंगठा होता, यंदा सही. कारकून म्हणाले, "वर्षभरात अंगठ्याची सही झाली? कमाल आहे! तुम्हीच केलीत ना?" मी म्हटलं, "सुट्टीत आईला मीच शिकवलं." त्यांना पटेना.

शेवटी आपल्या गावच्या टपालाचा शिक्का असलेलं तुझं पोस्टकार्ड घेऊन प्राचार्यबाईंकडे गेले. त्यावर 'जेवत जा' एवढंच, आणि खाली तिरकं वर चढत गेलेलं 'बायडाबाई'. अर्जावरही अगदी तसंच. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, हसल्या आणि तिथंच मंजुरी दिली. आता मी मेसमध्ये दोन्ही वेळा जेवते.

धाकट्या भैरूचा ताप उतरला का? शेळी व्याली का?

एकच वाईट झालं. पुरावा म्हणून ते कार्ड त्यांनी फाइलला लावून घेतलं. मी ते उशाखाली ठेवायचे. भैरूला लिहायला सांगू नकोस, तूच दुसरं लिही. या खेपेला दोन ओळी लिही.

तुझीच,
हौसा