येते म्हणावं

सोमवार, ६ एप्रिल
कार्कासोनला पोचले. आखातात, रास अल खोरला, नवऱ्याच्या, उल्हासच्या गॅरेजात कॅलेंडरवर होता तोच किल्ला, तेच टोकदार बुरूज. महिना संपला तरी तो पान उलटू द्यायचा नाही. एकदा जाऊच, इन्शाल्ला, म्हणायचा. आता तोच नाही; वर्ष झालं.

ईस्टरमुळे हॉटेलं भरलेली. पाचव्या ठिकाणी, तटाच्या आत, खोली मिळाली. मालकीणबाई हाफिजा, मूळच्या अल्जीरियाच्या. माझं करामाच्या बाजारात शिकलेलं मोडकं अरबी ऐकून खूप हसल्या. केयाला फोटो पाठवला. पंधरा वर्षांची लेक, अल नहदाला मावशीकडे ठेवली आहे. 'नाइस. कम बॅक फ्रायडे,' एवढंच उत्तर.

मंगळवार
बाहेर पडताना रिकाम्या खोलीला 'येते' म्हणाले. निघताना 'जाते' म्हणू नये, हे आईचं वळण. उल्हास तर 'येतो' म्हणायला लिफ्टपासून परत यायचा. त्या सकाळी आम्ही भांडलो होतो. तरी तो 'येतो' म्हणाला. मी म्हणाले, जा. दुपारी गॅरेजमधून त्याच्या मेकॅनिकचा, हमीदचा फोन आला.

परतले तर टेबलावर चहाचे दोन कप. एक अर्धा प्यायलेला, तळाशी साखर. हाफिजा म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानेच मागवला.

बुधवार
'येते' म्हटलं. आतून आलं, 'ये.'
त्याचाच आवाज. मागोमाग त्याचा नेहमीचा खोकला.
गेलेच नाही कुठे. दिवसभर खुर्चीकडे बघत बसले. किती दिवसांनी जेवले.

गुरुवार
दुपारची ट्रेन. बॅग घेतली, 'येते' म्हणाले, वेशीतून उतरले. पूल ओलांडला — समोर हॉटेलचं दार. तीनदा.
हाफिजांनी विचारलं, निघताना काय म्हणतेस? अर्थ सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, परत येते म्हणतेस, मग जाशील कशी?

शुक्रवार
केयाचा फोन. 'ममा, यू सेड फ्रायडे.' रडत नव्हती. त्या सकाळी बाबाही तिला 'येतो' म्हणून —

'येते'ऐवजी एकच शब्द म्हणायचा आहे. पण तो एकदा मी त्याला —

खुर्चीत बसलाय. पाठ माझ्याकडे. थांब म्हणत नाही. उर्मी, चहा निवतोय, एवढंच.

दार उघडं. बॅग हातात. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणते, म्हणजे जमेल.

उल्हास, मी जा—