तुमचा कोट आणि समोरचा बंगला

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे सकाळच्या गाडीनं कल्याणला परतले. अंगात त्राण नाही, तरी लिहायला बसले, कारण काल समोरच्या बंगल्यातल्या मालतीबाई आल्या होत्या.

रागावलात ना?

देश स्वतंत्र झाला त्या साली आपण डोंबिवलीत आलो, तेव्हा मला इथं कुणीच नव्हतं. त्या एकट्या मला हाक मारून विहिरीच्या कट्ट्यावर गप्पांना बसवायच्या. दिवाळीत मी त्यांना चकल्या पाठवल्या आणि डबा रिकामाच परत आला. कुणी रिकामं भांडं परत करतं का, म्हणत तुम्ही ताटावरून उठलात. म्हणे श्रीमंतांचा हात असाच, घ्यायला लांब आणि द्यायला आखूड! दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, त्यांचे दीर नाशकाला वारलेत, सुतकातल्या घरचं त्या कसं पाठवतील? तुम्हाला पटलं होतं, चेहऱ्यावर दिसलं मला. पण बोललेलं मागे घेणं तुम्हाला कधी जमलं?

पुढे त्यांनी सत्यनारायणाला बोलावलं. तुम्ही तयार झालात, आरशात कोटाची विरलेली कॉलर बघितलीत आणि कोट पुन्हा खुंटीला लावलात.

"पैसेवाल्यांना माणसं नको असतात, बघे हवे असतात," म्हणालात. "तूही जाऊ नकोस."

एका कॉलरपायी सगळ्या श्रीमंतांचा उद्धार केलात! अहो, मी ती उलटून शिवून दिली नसती का?

मी गेले नाही. त्या रस्त्यात दिसल्या की मान खाली घालायचे. तुम्ही ठाण्याला कचेरीत जायचात, माझा दिवस कुणाशी बोलून जायचा, हे विचारलंत कधी? आता चिडायचाही कंटाळा आलाय.

काल त्या दारातच थांबल्या. केस पार पिकलेत. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाल्या, "येऊ का आत? चालेल ना त्यांना?"

मला रडू आवरेना. आपल्या दोन खोल्यांच्या दाराशी ती बाई घाबरून उभी होती हो. तुम्ही त्यांना बिचकत होतात आणि त्या तुम्हाला, आणि मधल्यामध्ये माझी सगळी वर्षं गेली.

उद्यापासून मी त्यांच्याकडे जाणार आहे, तुम्हाला न विचारता. आणि त्यांनी तुमचा विषय काढला, तर तुम्हाला नावं ठेवणार नाही. एवढंच सांगेन, ते मनानं वाईट नव्हते, लाजायचे.

तुमचीच,
यमुना