बुधवारचा आकडा

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात घालून कामावर गेलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून लिहितोय.

बाबांची खोली काल आवरली. पलंगाखाली ते ब्लेड सापडलं. त्यानेच त्यांनी पायाचं कुरूप कापलं होतं. मी तेव्हा ओरडलो, तर म्हणाले, "माझा पाय, माझं ब्लेड, तुझं काय जातंय?" तिसऱ्या दिवशी पाय सुजला, चौथ्या दिवशी मला ओळखेनात. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं, की रक्तात शिरलेले जंतू औषधाने आटोक्यात येतायत, पण त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर काही शांत होत नाहीये. त्याचा मार आता बाबांच्याच अवयवांना बसतोय. आधी किडन्या, मग फुप्फुसं. मी विचारलं, एवढ्याशा कुरुपाने? त्या म्हणाल्या, "हो, एवढ्याशानेच."

रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा आणि मी लघवीच्या पिशवीवरचा आकडा सांगायचो. दीडशे, अडीचशे, चारशे. पाण्याचे मीटर वाचणारा माणूस दुसरं काय सांगणार? "आता बिलही पाठव," असं तू एकदा म्हणालीस. त्या आठवड्यात तेवढेच हसलो आपण.

बाबा गेल्यावर आत्या सगळ्यांसमोर तुला बोलली, "लेकीला बापापेक्षा नोकरी मोठी." तू मान खाली घालून कप विसळत राहिलीस. मी शेजारीच उभा होतो. तू विसळलेले कप पुसत राहिलो. आणि आता तू लिहितेस, की दोन दिवस आधी निघायला हवं होतं, मी तुला माफ करावं.

ताई, बुधवारी तू विचारलंस, "आज निघू का?" मी म्हणालो, "चारशे." तू म्हणालीस, "म्हणजे किडन्या चालतायत. मग शनिवारी येते." आकडा खरा होता. पण मंगळवारीही तो चारशेच होता. रोज रिकामी होणारी पिशवी मधे कोणी रिकामी केली नव्हती. चोवीस तासांत थेंबही पडला नव्हता. आजच्या रीडिंगमधून कालचं वजा करायचं, हे काम मी बावीस वर्षं करतोय. शिवाय डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा.

त्या दुपारी बाबा थोडे शुद्धीवर आले होते. अकरा वर्षं त्यांची अंघोळ, औषधं, चिडचिड, सगळं मी केलं. डोळे उघडल्यावर मला म्हणाले, "तू आहेसच रे. माझी पोर कुठाय?" मला ते झोंबलं. दुसरं काही कारण नव्हतं. तू बुधवारी रात्रीच पोचली असतीस. गुरुवारी सकाळी श्वासाची नळी घातली, तोवर ते दाराकडे बघत होते. मग डोळे उघडलेच नाहीत, आणि शुक्रवारी गेले. तू उशीर केला नाहीस, मी तुला येऊ दिलं नाही. आज सकाळी आत्याकडे जाऊन हेच सांगून आलो. माफी मागायला तोंड नाही. ते तुलाच विचारत होते, एवढं मात्र तुला कळायलाच हवं होतं.

तुझाच,
धाकटा