पाणी आधीच घेतलंय

॥ श्री ॥
नोएडा, दि. २० नोव्हेंबर २०२४

सौ. चंद्रप्रभाताई यांस,
विजयाचा स. न. वि. वि.

तुमचे शेंगदाण्याचे लाडू पोचले. निम्मे वाटेत फुटले होते, पण विहिणीला नावं ठेवायला जागा मिळू नये इतके चांगले होते. चुरासुद्धा मीच संपवला.

फोन सोडून टपाल कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेजश्रीचा फोन यतीन रोज तपासतो आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याने स्वतःच्या लॅपटॉपला जोडून ठेवलं आहे. पोस्टमन येतो तेव्हा तो ऑफिसात असतो.

मुद्द्याचं लिहिते. पाडव्याला त्याने तेजश्रीच्या तोंडात मारली. ओवाळायला उशीर झाला, एवढंच निमित्त. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ही पहिली वेळ नव्हती, हे मला तिच्याकडे बघून कळलं. ती दचकली नाही. निरांजन विझू नये म्हणून ताट तेवढं बाजूला धरलं.

मुलगा माझा आहे, म्हणून मी झाकणार नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत मी भलेभले सरळ केले. कॉलेजात असताना यालाच सिगारेट लागली होती. ऐन जानेवारीत रोज पहाटे गार पाण्याखाली उभा केला, तेव्हा सुटली. सवय ती सवय. भाऊबीज होताच इलेक्ट्रिशियन बोलावून मी त्यांच्या बाथरूममधल्या गीझरची वायर काढायला लावली. तेजश्री माझ्या बाथरूममध्ये आंघोळ करते. हा आत असतो तेव्हा मी दाराबाहेर उभी असते. त्याने कुरकुर केली नाही, बिल्कुल ठीक आहे म्हणाला.

भाऊसाहेबांना नमस्कार, धाकट्या अक्षताला आशीर्वाद. लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

आपली,
विजया


॥ श्री ॥
संगमनेर, दि. २९ नोव्हेंबर २०२४

ती. विजयाताईंना,
चंद्रप्रभाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग पोळ्या करपल्या. आमच्याकडे करपलेल्या पोळीवरून आवाज चढतो, हात उठत नाही, एवढं भाग्य.

तुम्ही लपवलं नाहीत, याचे उपकार आहेत. पण ताई, एक विचारते, राग मानू नका. सिगारेटने माणूस स्वतःचीच छाती जाळतो. हात दुसऱ्याच्या अंगावर पडतो. दोन्हीला एकच औषध कसं लागू पडेल? परवा व्हिडिओवर तेजू दिसली. घरात बसून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळलेली. दिल्लीची थंडी आहे गं, म्हणाली. लहानपणी ताप आला तरी स्वेटर फेकून देणारी पोर ती.

यांना सांगितलं, तर म्हणाले की पहिल्या वर्षात भांड्याला भांडं लागायचंच, आणि विजयाताई अधिकारी बाई आहेत, त्या बघतील. अक्षताचं स्थळ ठरत आलं आहे, तेव्हा आत्ता कुठे बोलू नकोस, हेही सांगितलं. मी तुमच्याच भरवशावर आहे.

माझ्या लेकीवर तुमची नजर असावी. माझ्यावरचा लोभ त्यातच आला.

तुमची,
चंद्रप्रभा


॥ श्री ॥
नोएडा, दि. १५ डिसेंबर २०२४

सौ. चंद्रप्रभाताई यांस,
विजयाचा स. न. वि. वि.

औषध लागू पडतं आहे. यतीन आता मी उठवायच्या आत उठतो. सोसायटीतली चार तरुण मुलं त्याने जमवली आहेत. सगळे उघड्या अंगाने गच्चीवर पळतात, मग आपापल्या घरी गार पाणी घेतात. माझ्यासमोर त्याने पुन्हा तेजश्रीवर हात टाकलेला नाही.

एक प्रकार मात्र झाला, तो सांगते. अक्षतासाठी साडी बघायला आम्ही करोल बागेत गेलो होतो. परतताना रिक्षावाल्याने जास्त भाडं मागितलं. यतीनने त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि त्याचं तोंड हँडलवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. तेजश्री मध्ये पडली, तर तिला कोपराने असं ढकललं की ती फूटपाथच्या कडेवर पडली. रिक्षावाल्याला दवाखान्यात मी नेलं. घरी आल्यावर यतीन कोणी न सांगता कपड्यांसकट पाण्याखाली जाऊन उभा राहिला. दात वाजत होते. बाहेर येऊन म्हणाला की, चूक केली, पाणी घेतलं, आता विषय संपला, आई.

चूक कळते आहे, म्हणजे सुधारणा आहे, असं मी धरते. तुमच्या मनात शंका येतील, तर स्पष्ट लिहा. मला गोड बोलणारी विहीण नको आहे.

साडी जांभळी घेतली आहे. अक्षताला आवडली नाही तर मी नेसेन. लोभ कळवत राहावा, शंका त्याहून जास्त.

आपली,
विजया


॥ श्री ॥
संगमनेर, दि. २ जानेवारी २०२५

ती. विजयाताईंना,
चंद्रप्रभाचा सा. न. वि. वि.

स्पष्ट लिहा म्हणालात, तर लिहिते. तुमच्या शेजारच्या उत्तरावहिनींच्या फोनवरून तेजूने मला फोन केला. तुम्ही भाजीला गेला होतात.

जावईबापू तुमच्यासमोर मारत नाहीत, कारण ते दार लावून मारतात. तोंडावर नाही, पाठीवर आणि मांड्यांवर. आधी मारून मग पाणी घ्यायचे, आणि पाणी घेतलं की सगळं धुतलं गेलं म्हणायचे. आता तर क्रमच बदलला आहे. आधी आंघोळ करतात, थंडगार हाताने तिचा दंड धरतात आणि सांगतात की, पाणी आधीच घेतलंय. मग मारतात. तुम्ही दाराबाहेर उभ्या असता, ताई, तेव्हा ती पलंगावर बसून पाणी बंद व्हायची वाट बघत असते.

हे वाचून तुम्हाला काय होईल मला माहीत आहे. पण तिला तिथून बाहेर काढा. यांनी अक्षताच्या साखरपुड्यापर्यंत थांब म्हणून सांगितलंय. मी त्यांच्याशी भांडते आहे. तोवर तिला एकटी सोडू नका.

लोभाचं काही लिहवत नाही. माझी मुलगी जपा.

चंद्रप्रभा


॥ श्री ॥
नोएडा, दि. १८ जानेवारी २०२५

सौ. चंद्रप्रभाताई यांस,
विजयाचा नमस्कार.

अक्षर उत्तराचं आहे, बोलणं माझं. कारण पुढे कळेल. तेजश्री शुद्धीवर आहे, धोका टळला आहे. हे आधी वाचा, मग बाकीचं. फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तिची पाठ पाहिली. तिला तुमच्याकडे आणायचं म्हणून संक्रांतीनंतरची दोन तिकिटं काढली. संक्रांतीला दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. तिलाही नेणार होते. यतीन ऑफिसला गेला होता, तिला कणकण होती, म्हणून पडून राहा म्हणाले. उत्तराला लक्ष ठेवायला सांगून गेले, आणि मन लागेना म्हणून वाण न लुटताच परतले.

यतीन माझ्या आधी परतला होता. तिकिटांचा मेसेज त्याने लॅपटॉपवर वाचला होता. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. तेजश्री कपड्यांसकट जमिनीवर होती. मानेवर गुडघा देऊन त्याने तिचं डोकं नळाखाली दाबलं होतं. कपाळ नळावर फुटलेलं, ओठ निळे, पाणी लाल. मला बघून तो सोडेल असं वाटलं. शांतपणे म्हणाला की, आई, हिला माहेरी चुगल्या करायची सवय लागली आहे, तुझ्याच पद्धतीने मोडतो आहे.

कोपऱ्यात लाकडी पाट होता. तो मी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पाठीत घातला. तो उठला, पुन्हा घातला. त्याने माझा उजवा हात धरून दाराच्या फटीत घातला आणि दार ओढलं. दोन बोटं मोडली. मी ओरडले, तेव्हा उत्तरा आणि गार्ड धावत आले. ११२ ला फोन मीच केला. पोलीस बाईंनी विचारलं की, आप इसकी माँ हैं? मी हो म्हणाले, आणि जबाब दिला.

तेजश्रीच्या कपाळाला टाके आहेत. अजून रजई सोडत नाही. यतीन कोठडीत आहे. लोभ ठेवावा की नाही, हे तुम्ही ठरवा.

विजया


॥ श्री ॥
संगमनेर, दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. विजयाताईंना,
चंद्रप्रभाचा सा. न. वि. वि.

जावईबापू जामिनावर सुटले, आणि त्यांचे काका सूर्यकांतराव आमच्याकडे येऊन गेले. जावईबापूंना पश्चात्ताप झाला आहे, ते हरिद्वारला राहून दोन्ही वेळा गंगेत स्नान करतात, असं त्यांनी सांगितलं. घरातली गोष्ट कोर्टात गेली, तर अक्षताचं जमलेलं मोडेल. तेव्हा तुम्ही जबाब फिरवावा आणि तेजश्रीने नांदायला जावं, असं भाऊसाहेबांचं मत आहे आणि माझंही आहे. तुम्ही समजूतदार आहात.

पूर्वीसारखाच लोभ दोन्ही घरांत नांदावा.

तुमची,
चंद्रप्रभा

ता. क. हे पोस्टात उभी राहून लिहिते आहे. वरचं सगळं यांनी समोर बसून लिहून घेतलं. जबाब फिरवू नका. माझी शपथ आहे.


॥ श्री ॥
नोएडा, दि. २० फेब्रुवारी २०२५

श्री. भाऊसाहेब यांस,
विजयाचा नमस्कार.

तुमचं मत ताईंच्या पत्रातून कळलं. माझं कळवते. जबाब फिरणार नाही. कोर्टात मी उभी राहीन आणि न्यायाधीशांनाही हेच सांगेन. गंगेचं मला सांगू नका. पाण्याने काय होतं ते मी याच घरात पाहिलं आहे. बहिणीच्या फुटक्या कपाळावरून जे लग्न मोडतील, त्यांच्या घरात अक्षताला द्यायचं का, याचा विचार बाप म्हणून तुम्ही करा.

तेजश्री माझ्याकडे राहील. यतीनला या घरात पाऊल ठेवता येणार नाही. घर माझ्या नावावर आहे, आणि कुलूप बदललं आहे. तिला आईची गरज आहे, तेव्हा चंद्रप्रभाताईंना पाठवून द्या. तिकीट सोबत आहे. न पाठवल्यास न्यायला मी स्वतः येईन. डावा हात शाबूत आहे, आणि हे पत्र त्यानेच लिहिलं आहे.

काल गीझरची वायर पुन्हा जोडून घेतली. तेजश्री त्या बाथरूममध्ये इतके दिवस पाऊल टाकत नव्हती. आज गेली, आतून कडी लावली आणि गरम पाणी संपेपर्यंत बाहेर आली नाही. मी दाराबाहेर उभी राहिले नाही.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, मुलीवर असावा.

विजया