पास्कूची सुकेळी

गिरीज, फेब्रुवारी १९७४, मंगळवार संध्याकाळ

पाहुणा गेला तरी जीव थाऱ्यावर नाही. जर्मनीचा हा खासदार चर्चचा दवाखाना बघायला आला होता. मला इंग्रजी येतं म्हणून फादरांनी त्याला माझ्याबरोबर आमच्या वाडीत धाडलं. बोलता बोलता म्हणाला, युद्धात तो पाणबुडीवर अधिकारी होता.

आयला मी सांगितलं, हा दर्यावर होता. तिने तेवढंच धरलं. माझा थोरला भाऊ पास्कू त्याच युद्धात मालाच्या बोटीवर खलाशी होता. बोट बुडाली, तो सापडलाच नाही. आय अजून त्याच्या नावाचा क्रूस बांधू देत नाही.

"विचार याला, आमचा पास्कू कुठं दिसलेला का?"

मी विचारलं. कशाला विचारलं? त्याने टोपी काढली.

"पाणबुडीतून आम्हाला माणसं दिसत नसत. फक्त जहाजं."

"आठवत नाही म्हणतो," मी आयला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मग तिने सुकेळीच्या दोन पुड्या आणल्या. पास्कू बोटीवर जाताना ही वाळवलेली केळी अशीच पानात बांधून द्यायची. एक पाहुण्याला दिली.

"दुसरी पास्कूची. भेटला तर दे म्हणावं."

हे मला इंग्रजीत सांगवेना. पण त्याने टोपी बाकावर ठेवून दोन्ही हात पुढे केले.

टोपी इथेच राहिली. आयने ती पास्कूच्या खुंटीला अडकवलीय.