टायरमधली हवा

रविवार, पनवेल

हवेनेच घात केला. सायकलवाल्यांच्या ग्रुपसोबत जंगलातल्या खडीवरून तलावापर्यंत नीट गेलो असतो, तर ग्रुप चालवणारे सावंतसर मला पगारावर वाटाड्या म्हणून ठेवणार होते. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची पंक्चरं काढणं सुटलं असतं. गावी आईला तर कालच फोनवर सांगून बसलो, सुटलंच म्हणून.

आणि सवयीने काय केलं? टायर अंगठ्याने दाबत दाबत दगडासारखं होईपर्यंत हवा मारली. खडीवर सायकल नुसती उडत होती. दोनदा आपटलो.

सरांनी टायर दाबलं. "अरे बाबा, यावर कंटेनर ठेवणार होतास काय?"

सगळे हसले. मीपण हसलो. कशाला हसलो? थोडी हवा सोडल्यावर तीच सायकल मस्त चालली. पण तोवर सर दुसऱ्याला वाटाड्या करून पुढे घेऊन गेले होते.

उद्या परत ट्रेलर. तिथे माझा अंगठा कधी चुकत नाही.